पांढऱ्या तुरीची हरकत

सरकारकडे हरकत नोंदवणं हे जगातलं सगळ्यात रटाळ काम असणार, असं मला वाटायचं. अर्ज लिहा, सह्या घ्या, पोच घ्या, संपलं! पण आमच्या लातूरकडच्या मुरुडच्या मंडळींनी गेल्या दीड वर्षात हे काम असं काही केलं की हरकतींची फाइल बोटभर जाड झाली आणि किस्से हातभर साचले. आता काम पार पडलंय, जीव भांड्यात पडलाय, तेव्हा सांगून टाकतो. मी नाही सांगितले तर अप्पा सांगेल, आणि अप्पाच्या किश्श्यांत वेंधळा माणूस नेहमी मीच असतो.

आधी ओळखी करून देतो. मी कांबळे, रिटायर्ड कृषी सहाय्यक. उभी नोकरी मी लोकांना सांगत फिरलो की घरचं बी टाकून द्या, पाकिटातलं आणा. रिटायर झाल्यावर गावरान बियाणं जपणाऱ्या गटाचा सेक्रेटरी झालो. यावर गावाला जे बोलायचं होतं ते बोलून झालंय, तुम्ही नवीन काही बोलू नका.

आमची बैठक वैजनाथअप्पाच्या कृषी सेवा केंद्रात. म्हणजे समोर फळीवर कंपन्यांची रंगीत पाकिटं, आणि मागच्या खोलीत आमची गावरान बियांची मडकी. एकदा एका पाहुण्यानं विचारलं, "अप्पा, तुम्ही पाकिटं विकता आणि या लोकांतही बसता?"

अप्पा म्हणाला, "मेडिकलवाला गोळ्या विकतोय. म्हणून काय भाकरीसंगं गोळ्या खातोय का?"

शेजारी मुख्तारभाई टेलर. त्यांना शेती नाही, पण चहा अप्पाकडे येतो म्हणून तेही गटात. आणि चौथ्या कोंडाबाई. सत्तरीच्या, दोन एकर शेती, आणि त्या शेतात सोयाबीनमध्ये पांढऱ्या तुरीचे चार तास, म्हणजे चार ओळी. ही तूर दुसऱ्या कुणाकडे नाही, आमच्या मडक्यांतही नाही. कोंडाबाईंच्या आईनं पाठवणीच्या वेळी पदरात बांधून दिलेलं बी, ते त्यांनी दरवर्षी लावून टिकवलं. डाळ चटकन शिजते आणि अशी गोड लागते की वरण नुसतं प्यावं!

* * *

मग सरकारचा तो मसुदा आला. जनुकं बदललेल्या पिकांचे नियम सैल करायचा. चाळीस पानं, आणि मराठी भाषांतर असं की इंग्रजी बरं वाटावं. मी दोन दिवस वाचलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगितलं. आजवर असं बी शेतात न्यायचं तर आधी तपासणी, मग परवानगी, पाकिटावर स्पष्ट लिहायचं, शेजारच्या शेतकऱ्यांना कळवायचं. आता यातल्या बऱ्याच प्रकारांना सगळी सूट.

कोंडाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी शेजाऱ्यानं काय पेरलंय ते मला सांगायचं का न्हाई?"

"या मसुद्याप्रमाणे गरज नाही, मावशी."

"अन् त्यानं असली तूर पेरली, मधमाशा त्याच्या फुलावरनं माझ्या तुरीवर आल्या तर?"

मी म्हणालो, "तर तुमच्या तुरीत ते मिसळणार. दोन-तीन वर्षांत पांढरी तूर पांढरी राहील का, सांगता येत नाही. आणि तुम्हाला कळणारही नाही कशानं झालं."

एवढ्या वर्षांचं बी, आणि एका कागदावर ते राहणार की जाणार हे ठरणार होतं. मला वाटलं आता रडतात. पण कोंडाबाई म्हणाल्या, "घरात सून आणली तर गावाला पत्रिका वाटत्यात. अन् शेतात बी आणलं तर शेजाऱ्याला बी सांगायचं न्हाई? असलं कसलं सरकारी लगीन हे?"

हरकत तिथंच तयार झाली. मी फक्त ती शुद्ध भाषेत लिहिली, आणि त्यातली मजा घालवली.

* * *

आमचा मुद्दा तीन शब्दांचा होता. तपासा, लिहा, सांगा. विज्ञानाला शिव्या द्यायच्या नाहीत आणि लोकांना घाबरवायचं नाही, असं मी गटाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. खोटं बोलून घेतलेली सही मला नको होती. यावरून माझी चिडचिड सगळ्यांना माहीत आहे.

किल्लारीला सभा ठेवली. लातूरहून एक उत्साही वक्ते स्वतःहून आले. मी प्रास्ताविक केलं, त्यांनी माईक घेतला आणि दहाव्या मिनिटाला हात वर करून गरजले, "हे असलं धान्य पोटात गेलं, की महिन्याभरात डोक्यावर एक केस राहणार नाही!"

सभेत चुळबुळ सुरू झाली. माझं डोकं तापलं. त्यांना थांबवायला मी उठणार, तेवढ्यात अप्पा उठला. अप्पाच्या गुळगुळीत डोक्यावर ट्यूबलाइट चमकत होती. त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, मी तर जन्मापासून गावरानच खातोय!"

सभा हसून हसून आडवी झाली. वक्ते नंतर जेवायलाही थांबले नाहीत. सह्या मात्र त्या दिवशी सगळ्यात जास्त मिळाल्या, आणि एकही खोटं बोलून घेतलेली नव्हती.

* * *

एक दिवस अप्पाच्या दुकानात एका कंपनीचा प्रतिनिधी आला. तरुण, सभ्य, घामाघूम. त्याला आमच्या भानगडीची कल्पना नव्हती. अप्पानं त्याला खुर्ची दिली ती नेमकी आमच्या तपासा-लिहा-सांगा बॅनरखाली. चहा झाला, मग त्यानं मान वर करून बॅनर वाचला आणि कप खाली ठेवला.

मग रीतसर वाद सुरू झाला. पोरगं हुशार होतं. उत्पादन कसं वाढेल, फवारणी कशी कमी होईल, सगळं नीट सांगत होतं. त्यातलं बरंचसं खरंही होतं, हे मी तिथंच कबूल केलं. शेवटी तो म्हणाला, "काका, आमचं बियाणं शंभर टक्के सुरक्षित आहे. घाबरण्यासारखं काहीच नाही."

कोंडाबाई कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग तपासणीला कामून घाबरताय बाबा?"

तो हसला. खरंच मोकळं हसला. बॅग उचलली, दारापर्यंत गेला, परत आला आणि हळूच मला म्हणाला, "सर, एक फॉर्म द्या."

मी चकित! "तुम्ही सही करणार?"

"माझी नको हो, नोकरी आहे. आईची आणतो. तिला गावरान ज्वारीशिवाय भाकरी गोड लागत नाही."

आठ दिवसांनी तो फॉर्म आला. आईचा अंगठा, आणि साक्षीदार म्हणून वडिलांची सही.

* * *

आता गटाच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी चूक. तिचा धनी मी नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

हरकतीच्या नमुन्यात शेवटी एक ओळ होती: हरकतीच्या पुष्ट्यर्थ पुरावे जोडावेत. मी तीन दिवस नांदेडला साडूकडे गेलो होतो. माझ्यामागं सह्या केलेल्या बायकांची बैठक झाली. पुरावा म्हणजे काय जोडायचं यावर चर्चा झाली. कुणी म्हणालं सातबारा, कुणी म्हणालं आधार कार्ड. कोंडाबाई म्हणाल्या, "भांडण बियाचं हाय ना? मग पुरावा बी बियाचाच पायजे."

झालं! त्यांनी घरून पांढऱ्या तुरीचं मडकं आणलं. प्रत्येक हरकतीला चिमूट चिमूट तूर. पण कागदाला तूर जोडायची कशी? मुख्तारभाईंनी मशीन ओढलं. उरलेल्या कापडाच्या, अंगठ्याएवढ्या थैल्या शिवल्या आणि एकेक थैली एकेका अर्जाच्या कोपऱ्याला टाचली. कुणाची हिरवी, कुणाची फुलाफुलाची, दोन-चार तर चक्क जरीच्या!

मी परत आलो तेव्हा गठ्ठा तयार होता. मुख्तारभाई चष्मा पुसत म्हणाले, "साब, आजतक ब्लाउज शिवले, पडदे शिवले. तुरीला कपडे पयलेबार शिवले!"

मुदतीचा शेवटचा दिवस होता. थैल्या उसवत बसलो असतो तर मुदत गेली असती. तसंच लातूरला ऑफिसात घेऊन गेलो. आवक-जावकच्या बाबूंनी पहिला अर्ज उचलला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"ही तूर आहे."

"हो."

"तुरीला बाजार समिती आहे ना? इथं कागद घेतात."

मी नमुन्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. नियमात तूर चालत नाही असं कुठंही लिहिलेलं नव्हतं! मग त्यांनी शिक्का उचलला आणि मारायला लागले. थैलीमुळं कागद काही सपाट बसेना, शिक्का अर्धाच उमटायचा. शेवटी वैतागून त्यांनी कागदावरचा नाद सोडला आणि थैलीवरच शिक्के मारले. तीनशेच्या वर थैल्या, प्रत्येकीवर निळ्या शाईत "प्राप्त".

कोंडाबाई समोर उभ्या राहून सगळं बघत होत्या. बाबू गठ्ठा कपाटात ठेवायला निघाले तशा त्यांनी विचारलं, "साहेब, कपाटात उंदरं हायेत का?"

बाबू म्हणाले, "आहेत. पण त्यांना पुराव्याला तोंड लावता येत नाही."

* * *

जाहीर सुनावणी नांदेडला होती. आम्ही अठरा जण सकाळच्या एसटीनं गेलो. हॉल एसी, खुर्च्यांना पांढरे कपडे. कोंडाबाईंनी खुर्चीचं कापड आधी हातानं झटकलं, मग बसल्या. मंचावर तीन साहेब. प्रत्येक माणसाला बोलायला तीन मिनिटं आणि वेळ संपली की टेबलावरची पितळी घंटा, असा नियम.

आधी शहरातून आलेले तज्ज्ञ बोलले. पडद्यावर आलेख, इंग्रजी, दोनदा घंटा झाली तरी चालूच. मग कोंडाबाईंचं नाव पुकारलं. त्या माईकपुढं गेल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. एवढी तयारी केली, आणि ऐनवेळी बाई विसरल्या की काय?

मी खुणा करतोय, अप्पा खोकतोय, कोंडाबाई ढिम्म! मंचावरचे मधले साहेब मोबाइलवर काहीतरी टाइप करत होते. हॉल गप्प झाला तसं त्यांनी वर बघितलं.

"बोला ना बाई. तुमची वेळ चालू आहे."

"न्हाई, तुमचं व्हऊ द्या आधी," कोंडाबाई म्हणाल्या. "मला घाई न्हाई."

साहेबांनी मोबाइल पालथा ठेवला. मग कोंडाबाई बोलल्या. "माझं म्हणणं एवढंच हाय. शेजाऱ्यानं काय पेरलं ते मला पेरायच्या आधी कळालं पायजे. मानसाला बांध दिसतो, मधमाशीला दिसत न्हाई."

तेवढ्यात घंटा वाजली. घंटा वाजल्याबरोबर कोंडाबाईंनी सवयीनं डोळे मिटले आणि हात जोडले. आमच्या सगळ्या बायकांनी हात जोडले. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, मधल्या साहेबांनी पण जोडले!

संध्याकाळच्या एसटीनं परत निघालो. जमेल तेवढं केलं होतं. आता हातात काही नव्हतं.

* * *

त्यानंतरचे महिने वाईट गेले. कोंडाबाईंनी त्या हंगामात पांढरी तूर लावलीच नाही. नियम कधी सैल होतील आणि आजूबाजूला कोण काय पेरेल ते सांगता येत नाही, मग कशाला बी मातीत घालायचं, असं त्यांचं म्हणणं. मडक्यात उरलेलं सगळं बी त्यांनी लांब इस्लापूरला लेकीकडे ठेवायला दिलं. तिकडं डोंगर आहे, जंगल आहे, तिथं काही धोका नाही म्हणाल्या. रोज अप्पाच्या दुकानात येऊन विचारायच्या, "आलं का काय?" आणि मी मान हलवायचो. माझं बीपी त्याच काळात वाढलं. घरी सांगितलं नव्हतं, आता हे वाचून कळेल.

मग एका दुपारी मुख्तारभाई मशीन चालू ठेवूनच पळत आले. मोबाइलवर मेसेज होता, मसुदा मागे घेतला म्हणून. माझा मोबाइलवर विश्वास नाही. मी लातूरला त्याच बाबूंना फोन लावला. ते म्हणाले, "थांबा, परिपत्रक समोरच आहे." आणि वाचून दाखवलं. सूट देण्याचा प्रस्ताव सध्या पुढे नेणार नाहीत. तपासणी कायम, पाकिटावर लिहिणं कायम, शेजाऱ्यांना कळवणं कायम.

मी म्हणालो, "पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. मी म्हणालो, "आणखी एकदा." ते म्हणाले, "कांबळे, झेरॉक्स पाठवतो, पण आता रडू नका."

हो, रडलो! लपवायचं काय त्यात? छातीवरचा धोंडा उतरला. अप्पानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "आज पाकीट न्हाई, पेढा घ्या." कोंडाबाईंनी पेढा कपाळाला लावला, अर्धा खाल्ला, अर्धा पदरात बांधला आणि म्हणाल्या, "साहेब, लेकीला फोन लावा. बी मागवा. पेरणी तोंडावर आली."

* * *

मी स्पीकर लावून फोन केला. लेक आधी आनंदली. मग म्हणाली, "आई, तू चिडू नको."

झालं होतं असं, की इस्लापूरजवळचा धबधबा बघायला तिच्या सासरचे चौदा पाहुणे आले. घरातली डाळ संपलेली. सासूबाईंना फडताळात तूर दिसली. "भरडली अन् शिजविली गं. लई गोड लागली म्हणं सगळ्यांना."

मी घाईघाईनं लातूरला फोन लावला. थैल्या परत मिळतील का? बाबू हळहळले. "सगळा गठ्ठा कधीच वर गेला, कांबळे. पुरावा म्हणून जोडलेली वस्तू परत मिळत नाही."

मावशींच्या मडक्यात फक्त बियाला कीड लागू नये म्हणून घातलेली राख उरली होती. नियम वाचला, बी गेलं! कोंडाबाई पायरीवर जाऊन बसल्या. मला तर तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. एवढी तीनशे माणसांची हरकत, ती ज्या मूठभर बियासाठी केली तेच आम्ही वाटून टाकलं.

आता, कोंडाबाईंचा शेजारी कोण हे मी अजून सांगितलेलं नाही. त्यांची सख्खी जाऊ, सुंदराबाई. वाटणीच्या वेळी बांधावरून भांडण झालं, तेव्हापासून अकरा वर्षं दोघींत एक शब्द नाही. घरं समोरासमोर, पण एकीनं दार उघडलं की दुसरी लावते. सुंदराबाईंच्या शेतात काय पेरलंय, हे विचारायची सोयच नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी सुंदराबाई डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन दुकानात आल्या. कोंडाबाई तिथंच होत्या. त्यांनी तोंड फिरवलं. सुंदराबाईंनी डबा माझ्यापुढं ठेवला, झाकण काढलं आणि मलाच म्हणाल्या, "साहेब, तिला सांगा. पांढरी तूर हाय."

डबा काठोकाठ भरलेला. मी, अप्पा, मुख्तारभाई, तिघंही वाकून बघत राहिलो.

कोंडाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "साहेब, तिला इचारा. कुठली?"

"तिला सांगा, तिच्याच खळ्यावरली. वाटणी झाली त्या साली चोरली व्हती. दर साली लावतेय. मधल्या तासांत. झाडावरनं कळत न्हाई, शेंग सोलल्याबगर."

कोंडाबाई उठल्या. डब्यात हात घातला, मूठ भरून उजेडात धरली, एक दाणा दाताखाली फोडला. किती तरी वेळ चावत राहिल्या.

मग म्हणाल्या, "साहेब, तिला इचारा, माझ्या खळ्यावरनं आणखी काय काय नेलंय?"

मी सुंदराबाईंकडे वळलो. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. डब्याचं झाकण लावत सरळ कोंडाबाईंना म्हणाल्या, "घरला चल. दावते."